काळ, काम आणि कुलूप

काळ-काम-वेगाची गणिते आपण सगळ्यांनी सोडवली आहेत. चार गवंडी एक भिंत आठ दिवसांत बांधतात, तर आठ गवंडी तीच भिंत किती दिवसांत बांधतील? उत्तर चार. मग तीनशे गवंडी लावले तर भिंत तासाभरात उभी राहील का, असे विचारणारा एखादा वात्रट मुलगा प्रत्येक वर्गात असतो, आणि त्याला गप्प बसवणारे गुरुजीही असतात. पुस्तकातले गवंडी एकमेकांच्या पायात येत नाहीत, एका घमेल्यासाठी दोघे थांबत नाहीत, खालचा थर ओला आहे म्हणून वरचा खोळंबत नाही. म्हणून तिथे व्यस्त त्रैराशिक बिनबोभाट चालते.

संगणकाच्या जगात मात्र त्या वात्रट मुलाचा प्रश्न पैशाचा प्रश्न झाला. एका यंत्रात एकाऐवजी दोन किंवा चार प्रोसेसर बसवणे १९९०च्या दशकात छोट्या संस्थांच्या आवाक्यात येऊ लागले, आणि ते विकत घेणाऱ्याला त्रैराशिकाचे उत्तर मिळेना. दुसऱ्या प्रोसेसरचे पैसे पुरते मोजायचे आणि काम वाढायचे ते कधी दीडपट, कधी सव्वापट. काही वेळा तर आणखी प्रोसेसर घातल्यावर एकूण काम चक्क घटायचे. प्रोसेसर आपापल्या जागी ठणठणीत होते. अडचण होती त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, आणि तीही एखाद्या चुकलेल्या ओळीत नव्हती. ‘या यंत्रात माझ्याशिवाय दुसरे कोणी नाही’ हे गृहीतक तिच्या लाखो ओळींत, कुठेही न लिहिता, मुरलेले होते. ते शोधून पुसायला किती वर्षे लागली आणि पुसताना काय मोजावे लागले, त्याची ही हकिकत. मुख्यतः ती लिनक्सची आहे. मध्ये त्याचे चुलत भावंड फ्रीबीएसडी येईल, कारण निराशेचा एक वेगळाच प्रकार त्याच्या वाट्याला आला.

*

आधी थोडी तोंडओळख. आपण संगणकावर पत्र लिहितो, चित्रे पाहतो, हिशेब मांडतो. ही कामे करणारे प्रोग्राम निरनिराळे असतात. परंतु डिस्कवरून फाइल आणणे, मेमरीत जागा देणे, नेटवर्कवरून आलेला मजकूर योग्य प्रोग्रामच्या हाती पोहोचवणे, ही कामे कोणताही प्रोग्राम स्वतः करत नाही. त्यासाठी त्याला ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये जावे लागते. लग्नघर डोळ्यांसमोर आणा. भाजी चिरणे, फोडणी देणे, लाडू वळणे हे आचारी आपापल्या चुलीपाशी करतात. पण तूप, साखर, तांदूळ हवे असतील तर कोठीच्या खोलीतच जावे लागते, आणि काय किती उरले याची वही तिथेच असते. प्रोग्राम म्हणजे आचाऱ्यांचे काम आणि कर्नल म्हणजे कोठी.

केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये युनिक्सला हात घातला तेव्हा त्यांच्यासमोरच्या यंत्रात एकच प्रोसेसर होता. त्यांनी साहजिकच सोपा नियम केला. कर्नलमध्ये शिरलेला प्रोग्राम काम आटोपेपर्यंत किंवा स्वतःहून थांबेपर्यंत त्याला बाहेर काढायचे नाही. मध्येच हाक मारू शकतील अशी डिस्क, टर्मिनल वगैरे उपकरणे. त्यांना नाजूक क्षणी दाराबाहेर थोपवण्याची सोय होती. एवढ्यावर सगळे सुरक्षित होते. एकट्या माणसाच्या घराला आतून कड्या नसतात, तसेच हे.

दुसरा माणूस राहायला आला की काय बिघडते, ते रेल्वेच्या जुन्या आरक्षण खिडकीवरून कळेल. कारकून वही पाहतो, एकवीस नंबरचा बर्थ रिकामा आहे. तो नाव लिहितो, तिकीट देतो. पाहणे आणि लिहिणे यांच्यामध्ये दोन-चार क्षण जातात. खिडकी एकच असेल तर त्या क्षणांना काही अर्थ नाही. त्याच वहीवर दोन कारकून बसवा. पहिल्याने पाहिल्यानंतर पण लिहिण्यापूर्वी दुसऱ्यानेही पाहिले, तर एका बर्थची दोन तिकिटे निघतात. कर्नलमध्ये बर्थच्या जागी मेमरीचे पान असते आणि प्रवाशांच्या जागी दोन प्रोग्राम. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या मजकुरावर उमटतो. भांडण सोडवायला टीसी नसतो. यंत्र कधी लगेच, कधी तीन दिवसांनी कोसळते, आणि पुन्हा तसेच घडवून पाहायला जावे तर घडत नाही. कर्नल लिहिणाऱ्यांना या प्रकाराची जी धास्ती वाटते तिच्यापुढे मंद वेगाचे दुःख किरकोळ आहे. पुढच्या गोष्टीत लोक वर्षानुवर्षे सावध का राहिले, याचे कारण हेच.

हा प्रश्न लिनक्सच्या आधीपासून ठाऊक होता. पर्ड्यू विद्यापीठात जॉर्ज गोबल यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी दोन व्हॅक्स प्रोसेसर जोडून त्यावर युनिक्स चालवले, तेव्हा कर्नलचे काम त्यांनी केवळ मुख्य प्रोसेसरकडे ठेवले. दुसऱ्याने आपले गणित करावे, आणि कर्नलची गरज पडली की ते काम मुख्याच्या रांगेत लावावे. शुद्ध आकडेमोडीला याचा उत्तम फायदा झाला. सतत कर्नलकडे धावणाऱ्या कामाला फारसा नाही.

वहीच सामाईक ठेवायची नाही, असाही एक मार्ग होता, आणि तो आपल्याकडे पुण्यात अवलंबला गेला. सी-डॅकने १९९१मध्ये साकारलेल्या ‘परम ८०००’ या महासंगणकात ६४ ट्रान्सप्यूटर होते. प्रत्येकाची मेमरी त्याची स्वतःची, आणि बोलायचे ते प्रत्येकाला असलेल्या चार जोडण्यांवरून निरोप पाठवून. एका वहीवर दोन हात पडण्याचा प्रश्नच तिथे उद्भवत नव्हता. किंमत दुसरीकडे मोजावी लागे: गणित तुकड्यांत वाटून, निरोपांची आखणी करून प्रोग्राम त्या यंत्रासाठी नव्याने लिहायचा. बाजारातून आणलेला तयार प्रोग्राम ६४ प्रोसेसरांवर आपोआप पसरत नव्हता. दोन प्रोसेसरांचा सर्व्हर घेणाऱ्या साध्या ग्राहकाला नेमके हेच नको होते. त्याला जुने प्रोग्राम, जुनी वही आणि दुप्पट वेग हवा होता.

*

हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१मध्ये सुरू केलेले लिनक्स युनिक्सच्याच वळणाचे होते, आणि लिहिले होते एका ३८६ प्रोसेसरसाठी. त्याला अनेक प्रोसेसर हाताळायला शिकवण्याचे पहिले मोठे काम वेल्समधल्या ॲलन कॉक्स यांनी केले. त्यासाठी लागणारा दोन पेंटियमचा मदरबोर्ड त्यांना कॅल्डेरा या कंपनीने दिला होता. जून १९९६मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीत ही सोय प्रथमच सर्वांना मिळाली.

कॉक्स यांनी योजलेला उपाय एका वाक्यात सांगता येतो. कोठीला एकच कुलूप आणि एकच किल्ली. ज्या प्रोसेसरकडे किल्ली तोच कर्नलमध्ये शिरेल. बाकीच्यांनी दाराशी थांबायचे. आत शिरलेल्याच्या दृष्टीने जग पूर्वीसारखेच, कारण आत तो एकटाच. त्यामुळे आतल्या लाखो ओळींना हात लावावा लागला नाही. याला पुढे ‘बिग कर्नल लॉक’ म्हणजे थोरले कुलूप असे नाव पडले आणि नंतरच्या पिढीने त्याला भरपूर शिव्या दिल्या. माझ्या मते त्या अस्थानी होत्या. आधी बरोबर चालू दे, मग वेगाचे पाहू, या क्रमाने जाणाऱ्याला दुसरी सुरुवात नव्हतीच.

परंतु एका किल्लीचा हिशेब निष्ठुर असतो. एखादे काम आपल्या वेळेचा दहावा भाग कर्नलमध्ये घालवत असेल, तर प्रोसेसर कितीही लावा, अशी कामे एका प्रोसेसरच्या तुलनेत दहापटीपेक्षा जास्त निघू शकत नाहीत, कारण तेवढ्यात किल्ली क्षणभरही रिकामी राहत नाही. निम्मा वेळ कर्नलमध्ये जात असेल तर मर्यादा दुपटीची. सत्तर टक्के जात असेल तर दीडपटसुद्धा होत नाही, उत्तर १.४३वर अडते. जीन ॲम्डाल यांनी १९६७मध्ये अमेरिकेतल्या एका परिषदेत याच जातीचा युक्तिवाद मांडला होता: कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच अखेर वेग ठरवतो. त्यांच्या नावाचा नियम आज प्रत्येक अभ्यासक्रमात असतो. आणि वरचे आकडे ही कमाल मर्यादा झाली. दोन आचारी कोठीच्या दाराशी एकाच वेळी पोहोचणार आणि नंतर बराच वेळ कोणीच येणार नाही, हे लग्नघरात होते तसे यंत्रातही होते. म्हणून प्रत्यक्षात तेवढेही पदरी पडत नाही.

म्हणजे कोणाला फायदा झाला आणि कोणाला नाही, हे कामाच्या स्वभावावर ठरले. चित्रे रंगवणारा किंवा मोठी गणिते सोडवणारा प्रोग्राम आपल्या चुलीपाशीच रमतो. त्याला दोन प्रोसेसरांवर जवळपास दुप्पट वेग मिळाला. वेब सर्व्हर आणि फाइल सर्व्हर यांचे तसे नाही. त्यांचा बहुतेक दिवस कोठीत ये-जा करण्यात जातो: नेटवर्कवरून मागणी घ्या, फाइल आणा, नेटवर्कवर ठेवा. आणि दोन-चार प्रोसेसरांची महागडी यंत्रे घेणारे लोक ती घेत होते मुख्यतः सर्व्हर म्हणूनच!

यात आणखी एक फसगत होती. दाराशी थांबलेला प्रोसेसर झोपत नाही. किल्ली सुटली का, सुटली का, असे विचारत तो जागच्या जागी गरगरतो. म्हणून अशा कुलपाला ‘स्पिनलॉक’ म्हणतात. हे गरगरणे यंत्राच्या लेखी कामच असते. त्यामुळे मालकाने पडद्यावर पाहिले तर चारही प्रोसेसर शंभर टक्के व्यग्र, आणि बाहेर पडणारे काम मात्र दीड प्रोसेसरचे. कचेरीतल्या फायलींच्या मागे उभे राहिलेल्यांना हे दृश्य अपरिचित वाटू नये.

*

या दुखण्याचा जाहीर पंचनामा १९९९च्या एप्रिलमध्ये झाला. जानेवारीत लिनक्सची २.२ आवृत्ती आली होती. तीत थोरल्या कुलपाच्या जागी काही ठिकाणी लहान कुलपे बसवली होती, आणि कंपन्यांनी लिनक्सकडे गांभीर्याने पाहायला नुकती सुरुवात केली होती. अशा वेळी माइंडक्राफ्ट नावाच्या संस्थेने एक तुलना प्रसिद्ध केली. डेलचे एक यंत्र, त्यात ४०० मेगाहर्ट्‌झचे चार झिऑन प्रोसेसर आणि चार नेटवर्क कार्डे. त्यावर एकदा विंडोज एनटी ४.० आणि एकदा लिनक्स. निष्कर्ष: फाइल सर्व्हर म्हणून एनटी अडीचपट वेगवान, वेब सर्व्हर म्हणून ३.७पट.

गदारोळ झाला. चाचणीचे पैसे मायक्रोसॉफ्टने दिले होते, हे अहवालातच नमूद होते. लिनक्सची मांडणी नीट केली नव्हती, एनटीची मात्र कसून केली होती, असे आक्षेप आले, आणि त्यांत तथ्य होते. चार कार्डांवरून फक्त ठरीव पाने वाढण्याची ही परीक्षा किती सर्व्हरांच्या रोजच्या आयुष्यात येते, हा प्रश्नही रास्त होता. शेवटी जूनमध्ये ‘पीसी वीक’ या नियतकालिकाच्या प्रयोगशाळेत रेड हॅटच्या जाणकारांच्या उपस्थितीत चाचणी पुन्हा झाली. अंतर कमी झाले. क्रम बदलला नाही. एनटीच पुढे राहिले.

दोन्ही बाजूंच्या आवेशात एक गोष्ट झाकोळली जाण्याचा धोका होता. पैसे कोणीही दिलेले असोत, आकड्याने बोट ठेवले ते खऱ्या दुखण्यावर. २.२मध्ये नेटवर्कचे काम अजून व्यवहारात एका वेळी एकाच प्रोसेसरकडून होत होते. एनटीमध्ये चार कार्डांची कामे चार प्रोसेसरांना बांधून देता येत. लिनक्समध्ये चार कार्डांवरून आलेली गर्दी एकाच दारातून आत येई. त्यात भर म्हणून नवा ग्राहक आला की त्याची वाट पाहत झोपलेल्या अपाची वेब सर्व्हरच्या सगळ्या प्रती एकदम जाग्या होत, एकीला ग्राहक मिळे आणि बाकीच्या पुन्हा झोपी जात. फलाटावर एक प्रवासी उतरावा आणि वीस हमालांनी एकदम उठून धावावे, तसे. एका प्रोसेसरवर ही धावाधाव खपून जात होती.

लिनक्स लिहिणाऱ्यांचे मोठेपण असे, की राग व्यक्त करून झाल्यावर ते कामाला लागले. जानेवारी २००१मध्ये आलेल्या २.४मध्ये नेटवर्कचा मार्ग अनेक प्रोसेसरांसाठी खुला झाला होता, आणि हमालांपैकी एकालाच उठवण्याची व्यवस्था होती. त्याआधीच २०००मध्ये इंगो मोल्नार यांच्या ‘टक्स’ या वेब सर्व्हरने ‘स्पेकवेब९९’ या चाचणीत विंडोजला मागे टाकले. अर्थात त्यासाठी त्यांनी वेब सर्व्हरच कर्नलच्या आत नेऊन बसवला होता. आचाऱ्याने चूल कोठीत मांडण्यासारखाच हा प्रकार, आणि रोजच्या स्वयंपाकाची ती रीत नव्हे. पण स्पर्धेपुरते काम झाले.

*

इथपर्यंतची गोष्ट ऐकून कोणालाही वाटेल, की उपाय तर स्पष्ट आहे. एका थोरल्या कुलपाऐवजी प्रत्येक डब्याला वेगळे कुलूप लावा: तुपाचे वेगळे, साखरेचे वेगळे. फ्रीबीएसडीच्या मंडळींनी नेमके हेच ठरवले. त्यांच्याकडेही १९९८च्या ३.० आवृत्तीपासून अनेक प्रोसेसरांची सोय होती, आणि त्यांच्या एकमेव कुलपाचे नावच ‘जायंट’ होते. जून २०००मध्ये त्यांची बैठक झाली, बीएसडीआय या कंपनीच्या प्रणालीतले तयार काम अभ्यासाला मिळाले, आणि राक्षसाचे तुकडे करण्याची मोठी मोहीम सुरू झाली. तिचे फळ म्हणजे जानेवारी २००३मधली ५.० आवृत्ती.

ती हळू निघाली. चार प्रोसेसरांवर अपेक्षेइतकी वेगवान नाही, हे समजण्यासारखे होते. पण ज्यांच्याकडे एकच प्रोसेसर होता त्यांचीही यंत्रे आधीच्या ४.x मालिकेपेक्षा मंद झाली. ज्यांना या मोहिमेतून काही मिळायचेच नव्हते त्यांनी तिची वर्गणी भरली. पुष्कळ लोक जुन्या मालिकेला चिकटून राहिले, आणि तिची ४.११ ही शेवटची आवृत्ती २००५मध्ये काढावी लागली. मार्ग चुकतो आहे असे मानणारे मॅट डिलन २००३मध्ये वेगळे झाले आणि ४.x पासूनच फुटून त्यांनी ‘ड्रॅगनफ्लाय बीएसडी’ काढली. तिच्यात प्रत्येक प्रोसेसरला शक्यतो आपापला संसार द्यावा आणि गरजेपुरते निरोप धाडावेत, असा विचार होता. परमच्या वाटेची आठवण यावी असा. स्वयंसेवकांच्या समूहात असे दुभंग एका तांत्रिक मुद्द्यावरून पडतात, याचे बाहेरच्यांना नवल वाटते. पण वर्षानुवर्षे संध्याकाळ-रात्री फुकट राबणाऱ्या माणसांजवळ मतभेदात पणाला लावायला दुसरे असते काय?

बारीक कुलपे महाग का पडतात? पहिले कारण उघड आहे. रांग असो वा नसो, कुलूप उघडणे-लावणे करावेच लागते. आधी एकदा किल्ली घेतली की काम होई. आता तूप, साखर, वेलची यांसाठी तीनदा. आणि कुलूप लावण्याची सूचना साध्या बेरजेसारखी नसते. पाहणे आणि लिहिणे या दोन गोष्टी मध्ये कोणालाही येऊ न देता एका दमात करणारी ती खास सूचना असते, आणि त्या काळच्या पेंटियम ४सारख्या प्रोसेसरवर तिला साध्या सूचनेच्या कित्येक पट वेळ लागे.

दुसरे कारण अडकित्त्याचे. एका आचाऱ्याने कढई धरली आहे आणि तो झाऱ्यासाठी थांबला आहे; दुसऱ्याच्या हातात झारा आहे आणि त्याला कढई हवी आहे. दोघेही सभ्य, दोघेही कायमचे थांबलेले. कुलपे शेकडो झाली की कोणते आधी आणि कोणते नंतर घ्यायचे याचा एक क्रम सर्वांनी पाळावा लागतो, आणि तो पाळला जातो की नाही हे डोळ्यांनी तपासणे अशक्य होते. फ्रीबीएसडीत ‘विटनेस’ आणि २००६नंतर लिनक्समध्ये ‘लॉकडेप’ अशी राखणदार यंत्रणा त्यासाठीच घातली गेली.

तिसरे कारण मला सर्वांत रंजक वाटते, कारण ते प्रोग्राममध्ये दिसतच नाही. प्रत्येक प्रोसेसर मुख्य मेमरीतला लागणारा मजकूर आपल्याजवळच्या छोट्या, वेगवान साठ्यात, म्हणजे कॅशमध्ये आणून ठेवतो. आणतो तो एकेक अक्षर नव्हे, तर साधारण ६४ बाइटची एक ओळ. एका ओळीच्या प्रती अनेकांकडे असू शकतात, पण त्यावर लिहायचे असेल तर बाकीच्यांच्या प्रती रद्द कराव्या लागतात. आता ‘ही फाइल सध्या किती जण वापरत आहेत’ असा साधा आकडा घ्या. प्रत्येक जण येताना एक मिळवतो, जाताना एक वजा करतो. रांग नाही, भांडण नाही; तरीही आकडा असलेली ती ओळ या प्रोसेसरकडून त्या प्रोसेसरकडे सतत खेचली जाते, आणि प्रत्येक खेपेत साध्या सूचनेच्या शेकडो पट वेळ जातो. कहर म्हणजे शेजारशेजारचे दोन पूर्णपणे असंबद्ध आकडे एकाच ओळीत पडले तरी हेच होते. भिंत सामाईक म्हणून दोन बिऱ्हाडांचा झगडा!

एमआयटीतल्या संशोधकांनी २०१०मध्ये ४८ कोअरच्या यंत्रावर हा प्रकार बारकाईने मोजला. वेब सर्व्हर, मेल सर्व्हर, डेटाबेस असे सात नेहमीचे प्रोग्राम घेतले. त्यांपैकी एक सोडून बाकी सगळे लिनक्स कर्नलमध्ये कुठे ना कुठे अडत होते. अडथळे बहुधा अशाच क्षुल्लक जागी होते: एखादा मोजणीचा आकडा, एखाद्या क्वचित बदलणाऱ्या तक्त्याचे कुलूप. काही कुलपांचे वागणे तर असे, की दाराशी थांबणाऱ्यांची संख्या वाढली की किल्ली हातातून हातात जायलाच जास्त वेळ लागू लागे, आणि एका मर्यादेनंतर नवा कोअर एकूण काम वाढवण्याऐवजी कमी करी. तीनशे गवंड्यांच्या प्रश्नाचे हे उत्तर. पण त्याच शोधनिबंधाची दुसरी बाजू दिलासा देणारी होती. सुमारे तीन हजार ओळींच्या बदलांत बहुतेक अडथळे दूर झाले, आणि ४८ कोअरपर्यंत तरी युनिक्सच्या जुन्या घडणीला रामराम करण्याचे कारण संशोधकांना दिसले नाही.

फ्रीबीएसडीलाही उशिरा का होईना, यश आले. फेब्रुवारी २००८मधल्या ७.० आवृत्तीच्या पत्रकात आधीच्या मालिकेच्या तुलनेत कमाल ३५० टक्के सुधारणेचा दावा होता. मोहीम ठरल्यापासून साडेसात वर्षांनी.

*

एव्हाना हा प्रश्न थोड्यांचा राहिला नव्हता. २००४च्या सुमारास प्रोसेसरांचा ठोका वाढवत नेणे उष्णतेमुळे अशक्य झाले आणि २००५पासून घरगुती संगणकांतही दोन-दोन कोअर येऊ लागले. तोवर आज मंद असलेला प्रोग्राम दोन वर्षांनी नव्या यंत्रावर आपोआप वेगवान होत असे. ती चैन संपली.

लिनक्समध्ये दरम्यान उत्तम काही घडले ते कुलपे बारीक करण्यापेक्षा ती टाळण्यातून. २.६ आवृत्तीत प्रत्येक प्रोसेसरला कामांची स्वतःची रांग मिळाली. पूर्वी सर्वांची एकच होती. आणि २००२मध्ये आरसीयू नावाची एक युक्ती आली, जिचा उगम सीक्वेंट या अमेरिकन कंपनीच्या युनिक्समध्ये होता आणि जी पॉल मॅकेनी यांनी लिनक्समध्ये रुजवली. दुकानातल्या दरफलकाचे उदाहरण घ्या. दर बदलायचे म्हणून वाचणाऱ्यांना बाहेर काढून फलक पुसायचा, ही कुलपाची रीत. आरसीयूची रीत अशी: नवा फलक मागे तयार करायचा, जुन्याच्या जागी टांगायचा, आणि जुना वाचत असलेल्यांच्या हातातून तो काढून घ्यायचा नाही. त्या क्षणी जे वाचत होते ते सगळे गेले की मगच जुना मोडीत काढायचा. वाचणाऱ्याला कुलूप नाही, आकडा वाढवणे नाही, जवळपास काहीच खर्च नाही. एखाद्याला क्षणभर जुना दर दिसेल, एवढे मात्र मान्य करायचे. वाचणारे हजार आणि बदलणारा एखादाच, अशा जागा कर्नलमध्ये भरपूर असल्याने हा सौदा फार लाभाचा ठरला.

राहिले थोरले कुलूप. ते दरवर्षी आक्रसत होते, पण जात नव्हते, आणि याचे कारण त्याच्या एका सोयीस्कर सवयीत होते. किल्ली घेतलेला प्रोग्राम कर्नलमध्ये कशाची तरी वाट पाहत झोपला, तर किल्ली आपोआप सुटे आणि जागा झाल्यावर पुन्हा त्याच्या हाती दिली जाई. शिवाय ज्याच्याकडे किल्ली आहे त्याने ती पुन्हा मागितली तरी चाले. फार सोयीचे, परंतु त्यामुळे किल्ली नेमकी कोणत्या डब्यासाठी घेतली आहे, हे कुठेच लिहिले जात नव्हते. १९९७ साली एखाद्या टेप ड्राइव्हसाठी लिहिलेल्या तुकड्यात किल्ली घेतलेली दिसे. ती गरजेची म्हणून, की बाकीचे घेतात म्हणून? लिहिणारा केव्हाच दुसऱ्या कामाला लागलेला. अशी शेकडो ठिकाणे, आणि प्रत्येक ठिकाणी कोणी तरी बसून, तिथे कशाचे रक्षण चालले होते हे आतून उकलायचे. चुकले तर एका बर्थची दोन तिकिटे.

२००८मध्ये एक विनोदच झाला. कर्नलमधल्या एका प्रकारच्या कुलपाची घडण सुधारून ती अधिक न्याय्य करण्यात आली, म्हणजे आधी आलेल्याला आधी किल्ली. थोरले कुलूप तेव्हा त्याच प्रकारावर आधारलेले होते. एका नावाजलेल्या चाचणीत वेग सुमारे ४० टक्क्यांनी कोसळला. कारण न्याय पाळायचा तर रांगेतल्या पहिल्याला, तो झोपला असेल तर उठवून, किल्ली द्यावी लागते, आणि तो डोळे चोळत येईपर्यंत किल्ली नुसती पडून राहते. पूर्वी दाराशी जागा असलेला कोणीही ती पटकन उचलत असे. गेले-गेले म्हणून ज्याकडे लोकांनी दुर्लक्ष केले होते ते कुलूप बारा वर्षांनंतरही किती मोक्याच्या जागी बसले आहे, हे त्या दिवशी सर्वांना दिसले. टोरवाल्ड्स यांनी ते पुन्हा गरगरत्या प्रकारचे केले, आणि ते समूळ काढण्याच्या कामाला जोर आला.

अखेरची स्वच्छता आर्न्ड बर्गमन यांनी केली. मे २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६.३९ या आवृत्तीत थोरले कुलूप उरले नव्हते. बसवल्यापासून पंधरा वर्षांनी. ते काढणाऱ्या शेवटच्या बदलाला बर्गमन यांनी जे शीर्षक दिले ते जुन्या अमेरिकन व्यंगचित्रपटांच्या शेवटी पडद्यावर येणारे निरोपाचे वाक्य होते.

पायथन या आज शाळा-कॉलेजांतही शिकवल्या जाणाऱ्या भाषेच्या पोटात असेच एक कुलूप तीस वर्षांहून अधिक काळ आहे. ते काढण्याचा एक प्रयत्न नव्वदीच्या दशकातच झाला होता. त्यात एका प्रोसेसरवर चालणारे प्रोग्राम इतके मंदावले, की तो सोडून द्यावा लागला. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या ३.१३ या आवृत्तीत ते कुलूप नसलेली पायथन प्रायोगिक म्हणून, वेगळी मागून घेता येईल अशी, प्रथमच अधिकृतपणे मिळाली. सोबतच्या माहितीत म्हटले होते की तिच्यात एकच प्रोसेसर वापरणारे प्रोग्राम सुमारे ४० टक्के हळू चालतील. वर्षभराने आलेल्या ३.१४मध्ये ही तूट पाच ते दहा टक्क्यांवर आली आहे. नेहमीची पायथन अजून कुलपासहच मिळते.